दुपट्टा स्कॅन होत नाही

"काका, दुपट्टा स्कॅन होते का?"

विचारलं मी, पण प्रश्न माझा नव्हता. रोशनीनं पैज लावली होती. "तू एवढी शायनी आहे ना, मंग जाऊन विचार त्याले. असन हिंमत तं," असं ती पुलाचा जिना उतरता उतरता म्हणाली, आणि सरितानं लगेच फोडणी दिली, "विचारलं तं तर्री पोहे माह्याकडून. नाई विचारलं तं आठवडाभर माही बॅग तू उचलजो." सरिताच्या बॅगेत अख्खं फिजिक्स असतं. मी विचारलं.

सेवाग्राम स्टेशनच्या बाहेर, ऑटो उभे राहतात त्याच्या बाजूला, भाड्याच्या सायकलींचा पत्र्याचा मांडव आहे. सायकलीच्या मागच्या चाकाला कुलूप, कुलुपावर चौकोनी कोड. मोबाईलनं कोड स्कॅन केला की कुलूप खट्कन उघडतं आणि भाडं सुरू होतं. बस, एवढंच. त्या सकाळी मांडवात सहा सायकली होत्या आणि सहाही सीटांवर दुपट्टे पडलेले. आपल्याकडे बापे माणसं उन्हात डोक्याला बांधतात ते. पांढरे, पिवळे, एक चौकडीचा.

मांडवाची राखण करणाऱ्या नत्थूकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चंद्राचं तिकीट मागितलं.

"काय म्हणते वं पोरी?"

"स्कॅन, काका. स्कॅन केल्याशिवाय सायकल कोणाची होत नाई ना? मंग ह्या सहा कोणाच्या?"

"ज्याचा दुपट्टा त्याची," नत्थूकाका म्हणाले. "एसटीत खिडकीतून रुमाल टाकत नाई का सीटवर? तसंच हे."

मागून रोशनी फिस्सकन हसली. मी नाही हसले. कारण या सहा दुपट्ट्यांमुळे माझी इज्जत गेली होती, आणि पुढे कॉलेजही हातातून जायची वेळ येणार होती.

ते कसं, ते सांगते.

माझं नाव अपेक्षा. राहते हिंगणघाटला, अकरावी सायन्स शिकते वर्ध्याला. रोज पॅसेंजर गाडीनं सेवाग्रामला उतरायचं, आणि तिथून वर्ध्यापर्यंत सायकल नाहीतर ऑटो. दहावीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा इतकी हळू द्यायची की बाई दोनदा नाव घ्यायच्या. मग मला मार्क पडले, वर्ध्याच्या कॉलेजात नंबर लागला, आणि तिथे कॉम्प्युटर लॅब होती. लॅबचे अनुप सर म्हणाले, "जिले जे करायचं थे करा, फक्त मशीन बंद करून जात जा." मी काय केलं असेल? मी एक टूल बनवलं!

सायकलवाल्यांची साईट आहे. कोणत्या स्टेशनवर किती सायकली खाली, म्हणजे रिकाम्या, आहेत, त्याचा आकडा तिथे दिसतो. पण ती साईट मोबाईलवर उघडेपर्यंत गाडी सेवाग्राम सोडून सिंदीला पोचते. माझं टूल दर पाच मिनिटांनी स्वतःच साईटवर जातं, आकडा वाचतं आणि आमच्या मुलींच्या ग्रुपवर टाकतं: हिंगणघाट २, सेवाग्राम ६, वर्धा ४. व्हिडिओ पाहून पाहून, चुकत चुकत केलं. पहिला मेसेज आला तेव्हा मी चालत्या पॅसेंजरमध्ये अशी ओरडले की समोरच्या आजीबाईंनी मला पाण्याची बाटली दिली. त्यांना वाटलं, पोरीला भोवळ आली.

पहिले चार दिवस मी राणी होते. पाचव्या दिवसापासून फेकू झाले.

टूल सांगायचं सहा, आम्ही पुलावरून पळत यायचो, आणि नत्थूकाका हात हलवायचे, "भरल्या, भरल्या." मग शेअर ऑटो. ऑटो सवाऱ्या भरल्याशिवाय हलत नाही. ऑटोवाला "एकच पायजे, एकच पायजे" म्हणत तीन कोंबतो. तोवर कॉलेजचं फाटक लागतं. फाटक लागलं की पहिला तास गेला आणि घरी बापाच्या मोबाईलवर मेसेज: आपला पाल्य आज उशिरा आला. सरिताचं तर आणखी वाईट. ती वडनेरहून पहिल्या एसटीनं हिंगणघाटला येते, तिथून आमच्या गाडीत चढते, आणि एवढं करून तीही 'उशिरा'.

"तुहं टूल खोटं बोलते," सरिता एकदा म्हणालीच. रागानं नाही, दमून. तेच जास्त लागलं.

मग मी रविवारी बसून ओळन् ओळ तपासली. टूल बरोबर होतं. उलट त्यात एक गंमत सापडली. आमची गाडी सेवाग्रामला येते, तेव्हा आकडा सहा. अर्ध्या तासानं सहा. एका तासानंही सहा. आणि मागची गाडी आली की एकदम शून्य. म्हणजे आम्ही ऑटोत एकमेकींच्या मांडीवर बसून जात होतो, आणि सायकली तिथेच तासभर उभ्या होत्या. कोणाची तरी वाट पाहत.

आता कळलं कोणाची.

"काय झालं नत्थू?" म्हणत एक काका चहाचा कप घेऊन आले. हे ताराचंदकाका. यांना मी ओळखायचे. आमच्याच पॅसेंजरच्या पहिल्या डब्यात असतात, पुलाजवळ तोच डबा लागतो. गाडी थांबायच्या आधी उतरतात. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी असते. मला वाटायचं, भाजीची.

"ही पोरगी विचारते, दुपट्टा स्कॅन होते का म्हणून," नत्थूकाका म्हणाले.

ताराचंदकाका खूप हसले. माणूस वाईट नाही, हसताना पोट हलतं. "अवं बेटा, आमचा ग्रुप आहे अपडाऊनवाल्यांचा. बाकीचे मागच्या गाडीनं येतात. मी पयले येतो, तं साऱ्यांचे दुपट्टे मीच टाकतो. पंधरा वर्ष झाले, गाडीत बी असंच करतो आमी."

"मंग स्कॅन करून ठेवा ना, काका."

"स्कॅन केलं का मीटर चालू होते ना! अन् एका मोबाईलवर एकच सायकल निंघते."

"म्हणजे भाडं नाई भरायचं, अन् सायकल बी अडवून ठेवायची?"

"ए, अडवून काय वं? दुपट्टा आहे ना त्याच्यावर." त्यांना खरंच माझा प्रश्न समजला नव्हता. दुपट्टा आहे म्हणजे जागा आहे. यात विचारण्यासारखं काय? "तुमी पोरी आहा, ऑटोत जा आरामात. सायकल कायले पायजे?"

मी काहीतरी खणखणीत बोलणार होते. शप्पथ, तोंडात आलं होतं. पण तेवढ्यात माझी नजर शेवटच्या सायकलीवर गेली. चौकडीचा दुपट्टा, हिरवा-पांढरा. त्याच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचे तीन टाके.

आमच्या घरी प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्याला आई लाल दोऱ्याचे तीन टाके घालते. गच्चीवरच्या दोरीवर आमचे आणि घरमालकांचे कपडे एकत्र वाळतात, म्हणून.

तो दुपट्टा बाबांचा होता.

"चाल ना वं, ऑटो भरून राह्यला," रोशनीनं ओढलं. मी गेले. तर्री पोहे खाल्ले नाहीत. सरितानं दोनदा विचारलं, बरं आहे ना.

बाबा वर्ध्याला एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात आहेत. मागच्या गाडीनं जातात. तेही स्टेशनवरून सायकलच घेतात, हे मला माहीत होतं; मीच तर त्यांना मोबाईलवर ॲप टाकून दिलं होतं! कितीदा तरी म्हणाले होते, "मले तं रोज भेटते सायकल. तुलेच काऊन नाई भेटत? तू पुलावर गप्पा हाणत असशीन."

त्या संध्याकाळी मी आईला सहज विचारलं, "बाबांचा हिरवा दुपट्टा दिसत नाई गं कुठं?"

"ऑफिसात ठेवला म्हणतात. ऊन लागते म्हणून मी आणून देल्ला, अन् हे तिकडे ठेवून आले," आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

बाबा आले ते मोबाईल हातात धरूनच. "आजबी उशीर! हे पाय, मेसेज." मोबाईल त्यांनी माझ्यासमोर धरला. "अपेक्षा, मी सोमवारी वर्ध्याले येऊन तुही टीसी काढतो. हिंगणघाटले काय कॉलेज नाई? घरून पायी जाशीन. ना गाडी, ना ऑटो, ना उशीर."

"बाबा, सायकली भेटत नाई म्हणून..."

"सायकलचं नको सांगू मले! मले रोज भेटते. ज्याले पोचायचं असते थो पोचते."

आई मध्ये पडली नाही. तिलाही वाटत होतं, पोरगी अंधारात उठते, उपाशी पळते, कशाला? घरी माझ्या बाजूनं बोलणारं कोणी नव्हतं. हिंगणघाटच्या कॉलेजात वाईट काही नाही, पण तिथे माझी लॅब नाही. तिथे मी परत हळू हजेरी देणारी झाले असते, असं मला वाटलं. जीभ शिवशिवत होती, की बाबा, तुमचाच दुपट्टा आहे तिथं. पण बोलून काय झालं असतं? बाबा म्हणाले असते, मोठ्यांच्या गोष्टी आहेत त्या. ताराचंदकाकांसारखेच हसले असते. मी ठरवलं, सांगायचं नाही. करून दाखवायचं.

सकाळी टूलनं सांगितलं: सेवाग्राम ५.

"पाच काय अन् पन्नास काय," रोशनी म्हणाली.

"आज आपण घेतो," मी म्हणाले. "ॲप उघडून हातात ठेवा. खाली उतरल्यावर विचार करायचा नाई."

"अन् दुपट्टे?"

"घडी करून बाजूले ठेवायचे. आपण काय चोर आहो?"

सरितानं लगेच ॲप उघडलं. तिचा मोबाईल इतका जुना आहे की ॲप उघडायला तिनं बोरखेडीपासून... नाही, बोरखेडी तर सेवाग्रामच्याही पुढे आहे, पण तुम्हाला समजलं ना, खूप आधीपासून सुरुवात करावी लागते.

मांडवात पाच सायकली, पाच दुपट्टे. ताराचंदकाका आपलं काम उरकून टपरीवर चहा सांगत होते. मी सरळ शेवटच्या सायकलीकडे गेले. हिरवा-पांढरा, लाल टाके. दुसऱ्या कोणाचा दुपट्टा उचलला असता तर स्टेशनवर भांडण झालं असतं. बाबांचा उचलला तर घरी होईल. घरचं भांडण मला परवडतं.

मोबाईल समोर धरला. घाईत कोड दोनदा सुटला.

"ए पोरी!" नत्थूकाका स्टुलावरून उठले. "हात नको लावू, दुपट्टा आहे थ्याच्यावर!"

खट्.

कुलूप उघडल्याचा आवाज एवढा मोठा असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

ताराचंदकाका टपरीवरून तरातरा आले. आज हसत नव्हते. "ए बाई, समजत नाई का? कोणाची जागा आहे थे!"

"जागा नाई काका, सायकल आहे. मी स्कॅन केली. हे बघा, माह्या नावावर दाखवून राह्यलं."

"स्कॅन गिन मले नको शिकवू. हा माणूस येईन आता गाडीनं, थो काय पायी जाईन ऑफिसात?"

"माह्या सरिताचा तास रोज बुडते, थ्याचं काय? ती वडनेरहून येते. तुमच्या माणसाच्या आधी एक तास ती इथं उभी असते. तुमचा माणूस तं हिंगणघाटले घरी चहा पिऊन राह्यला आहे अजून!" हे मला पक्कं माहीत होतं, कारण बाबांचा चहा मीच गाळून ठेवून आले होते.

ऑटोवाले बघायला लागले. त्यातला एक म्हणाला, "बोलते तं खरं पोरगी." दुसरा म्हणाला, "तू चूप बे, आपल्या सवाऱ्या चालल्या."

ताराचंदकाकांचा चेहरा लाल झाला होता. "कोणाची पोरगी आहे वं तू? नाव सांग बापाचं!"

मी सीटवरचा दुपट्टा उचलला, झटकला, आणि डोक्यावरून घेऊन तोंडाला बांधला, जसा आम्ही मुली उन्हात बांधतो तसा. मग म्हणाले, "हा दुपट्टा ज्याचा आहे, त्याची."

काकांनी दुपट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत दुपट्ट्याकडे. "गोपालची?" एवढंच म्हणाले.

मागे खट्. मग आणखी एक खट्. रोशनीनं पिवळा दुपट्टा नीट चौघडी करून नत्थूकाकांच्या स्टुलावर ठेवला आणि वर "सांभाळजा काका" म्हणाली. सरिता पांढऱ्या दुपट्ट्याच्या सायकलीवर बसलीसुद्धा होती.

आम्ही निघालो. वर्ध्याकडे जाताना आमच्या मागून ऑटो येत होता. आज तोच मागे राहिला. रोशनी हात सोडून सायकल चालवायला गेली आणि पडता पडता वाचली. फाटकावरचे शिपाईकाका म्हणाले, "आज काय सुट्टी आहे का वं, इतक्या लवकर?" आणि पहिल्या तासाला हजेरी झाली तेव्हा मी एवढ्या जोरात 'हजर' म्हणाले की शेजारचा वर्ग हसला.

संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा मी दारातच बसले होते. दुपट्टा मांडीवर. लपवायचा नाही, हे ठरलेलं होतं.

बाबांनी चप्पल काढली आणि कोपऱ्यात भिरकावली. "झालं समाधान? पायी गेलो आज ऑफिसात. साहेब घड्याळाकडे पाहून राह्यले. अन् येताना डब्यात ताराचंद साऱ्यांले सांगे, गोपालच्या पोरीनं गोपालचाच दुपट्टा फेडला. सारा डबा हसला माह्यावर!"

आई आतून हात पुसत आली. "काय झालं?" तिला माझ्या मांडीवरचा दुपट्टा दिसला. तिनं उचलला, कोपरा पाहिला, टाके पाहिले. "अवो, हा तं ऑफिसात होता ना?"

बाबा भिरकावलेली चप्पल नीट लावायला वळले.

मग मी सांगितलं. सगळं. पिशवी, पहिला डबा, सहा दुपट्टे, शून्य होणारा आकडा. मोबाईलवर टूलचे जुने मेसेज उघडून आईच्या हातात दिले. तिला सायकलीच्या ॲपमधलं काही समजत नाही, पण 'सहा, सहा, सहा, शून्य' समजायला काय लागतं? ती वाचत गेली आणि तिच्या भुवया वर वर जात राहिल्या.

"म्हणजे," ती बाबांना म्हणाली, अगदी हळू, आणि आई हळू बोलली की आमच्या घरात पंख्याचा आवाज ऐकू येतो, "पोरीले उशीर कराले मीच टाके घालून देल्ले व्हय तुमाले?"

"अवं, मले काय माहीत हिची गाडी थीच आहे... म्हणजे माहीत आहे, पण..." बाबा बाजेवर बसले. "मी ताराचंदले दुपट्टा देल्ला, बस. सारेच देतात. अपेक्षा, तुले माहीत होतं तं काल काऊन नाई बोलली?"

"काल तुम्ही विचारलं नाई, बाबा. काल तुम्ही फक्त सांगितलं."

हे थोडं जास्तच लागलं असावं. बाबांनी कपाळ चोळलं. क्षणभर मला वाटलं, संपलं, आता हसतील. पण मग त्यांना तो हसणारा डबा आठवला असणार. "थे जाऊ दे. सायकलीचं मी सांगतो ताराचंदले, एक तुह्यासाठी सोडत जाईन. पण उद्या सकाळी तू त्याची माफी मागजो. वयानं मोठा आहे. अन् ते तुहं मेसेजचं बंद कर. मले थ्याच लोकांत बसून जा-ये करायची आहे रोज. नाई जमत असन तं सोमवारी टीसी."

एक माझ्यासाठी. सरिताचं काय, रोशनीचं काय, हे त्यांच्या मनातही आलं नाही. म्हणजे माझ्यासाठी एक दुपट्टा वाढणार, एवढंच. मी आईकडे पाहिलं. तिनं मोबाईल मला परत दिला, आणि ती बाबांच्या बाजूला जाऊन बसली नाही, माझ्या मागे चौकटीला टेकून उभी राहिली.

मी उठले. उभं राहून बोलायचं होतं मला.

"आई, बाबा, ऐका. मी ओरडून बोलली असन तं थे चुकलं, थ्याच्यासाठी मी काकांले सॉरी म्हणीन. सायकल घेतली म्हणून नाई म्हणणार. माह्यासाठी एक वेगळी सोडायले कोणाले सांगू नका, मले नको आहे. टूल बंद होत नाई. उद्यापासून त्याचा मेसेज जो मागन त्याले जाईन, ऑटोवाला असो का वडनेरची पोरगी. टीसीसाठी तुम्ही सोमवारी सुट्टी काढू नका, मी वर्ध्यालेच शिकणार आहे. अन् बाबा, तुमचा नंबर मी आत्ताच ग्रुपात टाकून राह्यली. सायकल खाली दिसली का स्कॅन करजा. नाई दिसली तं ऑटो आहे, आरामात जाजा. हा दुपट्टा मी ठेवून घेते. मले ऊन लागते."